पहिल्या वर्षाचा राहिलेला हिशेब

करोनाच्या महासाथीने उच्च शिक्षणाचे काय नुकसान केले, ह्या प्रश्नाची आपल्याकडील चर्चा बव्हंशी परीक्षेभोवतीच फिरत राहिली. परीक्षा घ्यावी की घेऊ नये, घ्यावी तर कोणत्या पद्धतीने घ्यावी, आणि परीक्षेवाचून मिळालेली पदवी नोकरीच्या बाजारात चालेल काय, ह्या वादाने २०२० सालचा सारा पावसाळा व्यापला. अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेर घ्याव्यात, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै रोजी कळविले. महाराष्ट्र शासनाने त्यास विरोध केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि परीक्षेवाचून पदवी नाही, फार तर मुदत वाढवून मागता येईल, असा निर्णय २८ ऑगस्ट रोजी झाला. हा वाद निरर्थक होता असे नव्हे. परंतु त्या गदारोळात महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्यांचा जेवढा विचार झाला, तेवढा आत येणाऱ्यांचा झाला नाही, ही गोष्ट नजरेआड करण्याजोगी नाही.

हे आत येणारे कोण होते? बारावीची लेखी परीक्षा टाळेबंदीच्या तोंडावर, मार्च २०२० मध्ये देऊन घरी बसलेली ती मुले होती. महाराष्ट्रात त्यांचा निकाल १६ जुलैस लागला. आयोगाच्या वेळापत्रकात प्रथम वर्षाचे वर्ग सुरू करण्यासाठी १ नोव्हेंबर ही तारीख होती; काही महाविद्यालयांनी त्याआधीच सुरुवात केली, तर सामायिक प्रवेश परीक्षेवर अवलंबून असलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना त्याहूनही विलंब झाला. १५ फेब्रुवारी २०२१ पासून निम्म्या उपस्थितीने महाविद्यालये उघडण्याची परवानगी मिळाली. तोच दुसरी लाट आली आणि उघडलेली दारे पुन्हा मिटली. ती परत उघडली २० ऑक्टोबर २०२१ रोजी, लस घेतलेल्यांसाठी. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही आठवडे वर्ग बंद राहिले. सारांश, २०२० साली प्रथम वर्षात नाव दाखल केलेल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाचा वर्ग खऱ्या अर्थाने पाहिला, तो द्वितीय वर्षात गेल्यावर. त्यांच्या मागून आलेल्या तुकडीची तर बारावीची परीक्षाच रद्द झाली होती. दहावी, अकरावी व बारावीतील अंतर्गत गुण ३०, ३० आणि ४० टक्के ह्या प्रमाणात एकत्र करून ३ ऑगस्ट २०२१ रोजी निकाल लावण्यात आला आणि तो ९९.६३ टक्के लागला.

पटावरचे समाधान

आकड्यांकडे पाहिले तर चिंतेचे कारण नाही, असेच कोणासही वाटेल. केंद्र शासनाच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या ३ कोटी ८५ लाख होती. महासाथीच्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, ती ४ कोटी १४ लाखांवर गेली. चार कोटींचा टप्पा प्रथमच ओलांडला गेला, तो असा ऐन संकटात. निकालही वर गेले, कारण घरबसल्या दिलेल्या बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षेत अनुत्तीर्ण होणे हेच कठीण होऊन बसले होते. पट वाढला, निकाल वाढला. मग बिघडले कोठे?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा पेच नवा नाही. जे मोजले जाते त्याचीच वाढ आपल्या दृष्टीस पडते. जे मोजलेच जात नाही त्याची घट कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. आपल्या शिक्षणव्यवस्थेने प्रवेश आणि निकाल ही दोनच टोके मोजण्याची सवय लावून घेतली आहे. त्या दोन टोकांच्या मध्ये जे घडते, आणि विशेषतः पहिल्या वर्षी जे घडावयास हवे, त्याचा हिशेब ठेवण्याची पद्धतच आपल्याकडे नाही. महासाथीने नेमके तेच हिरावून नेले. आणि हिशेबात नसलेली वस्तू हरवल्याची फिर्याद कोण करणार?

जोड-उत्पादनाचा न्याय

साखर कारखान्याचे उदाहरण महाराष्ट्रातील वाचकास परके वाटणार नाही. कारखान्यात ऊस गाळला की साखर निघते, पण त्याबरोबर मळी निघते आणि चिपाडही उरते. मळीपासून मद्यार्क होतो, चिपाडावर वीज तयार होते, आणि कित्येक कारखान्यांचा ताळेबंद ह्या जोड-उत्पादनांवरच सावरलेला असतो. केवळ साखरेच्या पोत्यांवरून कारखान्याची परीक्षा करणारा माणूस अर्धाच कारखाना पाहत असतो.

महाविद्यालयाची गोष्ट काहीशी अशीच आहे. व्याख्यान हे त्याचे प्रमुख उत्पादन खरे. पण त्याबरोबर कितीतरी गोष्टी कोणी स्वतंत्रपणे न योजताही निर्माण होत असतात. गावच्या कनिष्ठ महाविद्यालयातून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी आलेला मुलगा पहिल्या सहा महिन्यांत काय शिकतो, ते पाहावे. तो कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहून आपले काम करून घ्यावयास शिकतो. ग्रंथपालाकडे पुस्तक मागावयास, आणि ते नसेल तर दुसरे कोणते आहे हे विचारावयास शिकतो. मराठी माध्यमातून आलेली मुलगी विज्ञानाच्या किंवा वाणिज्याच्या वर्गात इंग्रजी शब्द प्रथम केवळ ऐकते, मग शेजारणीच्या वहीत पाहते, आणि दिवाळीनंतर केव्हातरी स्वतः उच्चारते. कोणत्या प्राध्यापकांना तासानंतर गाठावे, कोणती शिष्यवृत्ती केव्हा भरावी, जुनी पुस्तके कोणाकडे मिळतात, ही माहिती परिपत्रकातून येत नाही. ती वरच्या वर्गातील मुलांकडून, एस. टी. च्या थांब्यावर आणि खानावळीच्या पंगतीत मिळते. ह्या साऱ्याला अभ्यासक्रमात एकही गुण नाही. परंतु त्यावाचून अभ्यासक्रमाचे गुणही पुढे मिळत नाहीत.

शिक्षणशास्त्राने ही गोष्ट पूर्वीच ओळखलेली आहे. विद्यार्थी महाविद्यालय अर्ध्यावर का सोडतात ह्याची मीमांसा करताना अमेरिकन अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो ह्यांनी १९७५ साली असे मांडले की, अभ्यासाशी जुळणे आणि संस्थेच्या सामाजिक जीवनाशी जुळणे ही दोन्ही सूत्रे विद्यार्थ्यास धरून ठेवतात. ती तुटली की तो बाहेर पडतो. ब्रूस सॅसरडोट ह्या अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली डार्टमथ कॉलेजच्या वसतिगृहाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना खोलीतील सोबती जवळजवळ चिठ्ठ्या टाकाव्यात तसे नेमून दिले जात. अशा अकस्मात भेटलेल्या सोबत्याचा परिणाम विद्यार्थ्याच्या गुणांवर आणि अभ्यासातील प्रयत्नांवर होतो, असे त्यात आढळले. शेजारी कोण बसतो हा केवळ मैत्रीचा विषय नाही, तो शिक्षणाच्या उत्पादनाचा एक घटक आहे, असाच त्याचा अर्थ.

महासाथीत व्याख्यान तेवढे पडद्यावर हलविता आले. जोड-उत्पादने हलविता आली नाहीत, कारण ती एकत्र येण्यातूनच निपजणारी होती.

विद्यार्थ्यांनी काय केले

तरीही ही मुले हातावर हात ठेवून बसली नाहीत, हे त्यांच्या बाजूने आवर्जून नोंदविले पाहिजे. ज्यांचे चेहरेही पाहिले नाहीत अशा वर्गमित्रांचे व्हॉट्सॲप गट त्यांनी जमविले आणि टिपणांची देवघेव केली. कोकणात आणि सातपुड्यात रेंज मिळेल त्या टेकडीवर जाऊन तास ऐकण्याची वेळ अनेकांवर आली. घरात मोबाइल एक आणि शिकणारी भावंडे तीन, अशा ठिकाणी पाळ्या लागल्या. आणि पाळ्या लागल्या की बहुधा धाकट्या शाळकरी भावाचा किंवा परीक्षेच्या वर्षातील बहिणीचा क्रम आधी येई, प्रथम वर्षाचा मागे पडे. पहिल्या वर्षाचे काय एवढे, हा विचार घराघरांतही होताच.

ऑनलाइन अध्यापनाचे काही लाभही झाले. ध्वनिचित्रमुद्रित तास पुन्हा पुन्हा ऐकता येई. वर्गात उभे राहून प्रश्न विचारण्याचे धाडस नसलेला विद्यार्थी तोच प्रश्न लिहून विचारू शके. शहरातील खोलीभाडे आणि खानावळीचा खर्च वाचला. त्या वेळी हा मार्ग नसता तर शिक्षण सर्वस्वी थांबले असते, आणि पूर्वतयारीवाचून हे काम अंगावर घेणाऱ्या अध्यापकांचे श्रमही थोडे नव्हते. तथापि ह्या लाभांची वाटणी कशी झाली, हा खरा प्रश्न आहे.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार, २०१७-१८ मध्ये देशातील केवळ १०.७ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. ग्रामीण भागात हे प्रमाण ४.४ टक्के, तर शहरांत २३.४ टक्के होते. इंटरनेटची सोय ग्रामीण कुटुंबांपैकी १४.९ टक्क्यांना आणि शहरी कुटुंबांपैकी ४२ टक्क्यांना होती. पुढील दोन वर्षांत मोबाइलचा प्रसार वाढला हे खरे. पण तासभर व्याख्यान ऐकण्यापुरते साधन असणे आणि त्यावर निबंध लिहिता येणे, ह्यांत अंतर आहे. त्यातच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि कोकणातील अनेक गावे दीर्घकाळ विजेवाचून राहिली. त्या वर्षाच्या एप्रिल ते जून ह्या तिमाहीत देशाचे राष्ट्रीय उत्पन्न आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे २४ टक्क्यांनी घसरले होते. घरात मिळकत थांबलेली असताना मोठ्या मुलाने भाजीची गाडी लावणे, मजुरीस जाणे किंवा शहरात घरपोच माल पोहोचविण्याचे काम धरणे हे ओघानेच आले. तो तासाला नावापुरता हजर असे. कानात व्याख्यान आणि हातात काम.

मुलींचा प्रश्न आणखी निराळा होता. महाविद्यालयात जाणे ही अनेक मुलींच्या बाबतीत दिवसातील चार-पाच तास घरकामातून मिळणारी सूट असते. ती सूट महाविद्यालयाच्या इमारतीमुळे मिळते, अभ्यासक्रमामुळे नव्हे. इमारत बंद झाली आणि सूटही संपली. घरी बसून शिकणारी मुलगी घरच्यांच्या दृष्टीने घरीच असलेली मुलगी होती.

ज्या घरात आई-वडील पदवीधर आहेत, तेथे महाविद्यालयाने न शिकविलेले बरेचसे घर शिकविते. ज्या घरातून प्रथमच कोणी महाविद्यालयात गेले आहे, तेथे ह्या गोष्टी शिकण्याचे ठिकाण महाविद्यालय हेच एक. म्हणून महासाथीत एकाचे केवळ एक वर्ष गैरसोयीचे गेले, तर दुसऱ्याची पायरीच निखळली. दोघांच्या गुणपत्रिका मात्र सारख्याच दिसल्या.

दुसऱ्या वर्षातील नवखे

२०२१ च्या ऑक्टोबरात महाविद्यालये उघडली तेव्हा जे दृश्य दिसले, त्याची आठवण कोणत्याही अध्यापकास असेल. द्वितीय वर्षाचे विद्यार्थी आपला वर्ग कोठे भरतो हे विचारीत हिंडत होते. आदल्या वर्षी ज्यांच्याशी रोज बोलणे झाले, त्यांना मुखपट्टीआडून ओळखण्याचा प्रयत्न करीत होते. नियमाने ते वरच्या वर्गातील. नव्यांना वाट दाखविण्याचे काम त्यांचे. पण त्यांनाच ती कोणी दाखविलेली नव्हती. एका तुकडीकडून दुसरीकडे आपोआप जाणारे ज्ञान अशा रीतीने एकदा खंडित झाले, की त्याची झळ त्या तुकडीपुरती मर्यादित राहत नाही. वक्तृत्व मंडळ, भित्तिपत्रक, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, गॅदरिंग ह्या गोष्टी कशा चालवावयाच्या, हे ठाऊक असलेली मुले दरम्यानच्या काळात पदवी घेऊन निघून गेली होती.

कित्येकांच्या घरी त्या वर्षी मृत्यू येऊन गेला होता. दुसऱ्या लाटेत आई किंवा वडील गमावलेली मुले वर्गात येऊन बसली आणि हजेरीपटावरून ते कळण्यास मार्ग नव्हता. एरवी अशी बातमी बाकावरच्या सोबत्याकडून शिक्षकापर्यंत पोहोचते. येथे बाकही नवे होते आणि सोबतीही.

परीक्षेने ह्या अडचणीवर कळस चढविला. २०२२ च्या उन्हाळी परीक्षा पुन्हा प्रत्यक्ष झाल्या. २०२० साली प्रवेश घेतलेल्या बहुतेकांनी विद्यापीठाची पहिली दीर्घोत्तरी उत्तरपत्रिका लिहिली, ती दोन वर्षे सरत आल्यावर. परीक्षा ऑनलाइनच घ्या, अशी मागणी तेव्हा अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांनी केली आणि समाजाने त्यांस आळशी ठरविले. परंतु दोन वर्षे पर्यायापुढे खूण करण्याचीच सवय लावल्यावर एकाएकी तीन तास लिहावयास सांगितले, तर भीती वाटणारच. लेखन हे केवळ ज्ञानाचे नव्हे, तर सरावाचे काम आहे. आणि तो सराव पहिल्या वर्षीच्या चाचण्यांत, निबंधांत आणि तपासून परत मिळालेल्या वह्यांत होत असतो. परीक्षा प्रत्यक्ष घेण्याचा निर्णय योग्यच होता. त्यापूर्वी सरावाची सोय न करणे योग्य नव्हते.

वसतिगृहाचा विसर

महाराष्ट्राला तरी ह्या गोष्टी नव्याने सांगण्याची गरज पडू नये. खेड्यातील मुलास शहरात शाळा असून उपयोग नाही, त्यास राहण्या-जेवण्याची जागा हवी, हे ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची मुहूर्तमेढ रोवली आणि पुढे तेथे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र राबली आणि एकत्र जेवली. ह्या दोघांनीही शिक्षण म्हणजे केवळ पाठ देणे असे मानले नव्हते. मुलांनी एकत्र राहणे हाच त्यांच्या लेखी शिक्षणाचा पाया होता. कमवा आणि शिका ही योजना त्याच पायावर उभी आहे.

महासाथीत पहिल्यांदा बंद झाली ती वसतिगृहेच. काही ठिकाणी ती विलगीकरणासाठी घेतली गेली, आणि त्या वेळी ते अपरिहार्यही होते. पण ज्या साधनाने महाराष्ट्राने गरीब विद्यार्थ्याची पायरी बांधली, ते साधन काढून घेतल्यावर त्याच्या जागी काय दिले, असा प्रश्न विचारला गेला नाही. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, इतरांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. योजना चांगल्या आहेत. पण भत्ता वर्ष संपत आल्यावर हाती पडला, तर जूनमध्ये खोली घेणाऱ्यास त्याचा उपयोग नसतो.

आता काय करावे

ह्या तुकड्या आता पदवी घेऊन बाहेर पडल्या आहेत. त्यांचे वर्ष त्यांना परत देता येणार नाही. मग हा विषय आज काढण्याचे प्रयोजन काय, असे कोणी म्हणेल. प्रयोजन असे की, त्या वर्षापासून घ्यावयाचा बोध न घेता त्याच्या नेमका उलट निष्कर्ष काढला जाण्याचा धोका आहे. ऑनलाइन शिकविता येते हे सिद्ध झाले, तेव्हा ते कायमचे का करू नये, हा तो निष्कर्ष. मे २०२१ मध्ये, साथ ऐन भरात असताना, विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र अध्यापनाचे टिपण प्रसिद्ध केले आणि अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकविण्याची कल्पना मांडली. नोकरी करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास ही सोय उपकारक ठरू शकेल. परंतु शिक्षकांच्या जागा रिकाम्या, प्रथम वर्षाची शंभर-सव्वाशेची तुकडी तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या हवाली, अशा महाविद्यालयांत ह्या सवलतीचा उपयोग कोणत्या वर्गावर आधी होईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. जेथे माणसाची गरज सर्वांत अधिक, तेथेच काटकसर आधी होते.

म्हणून काही गोष्टी धोरण म्हणून ठरविल्या पाहिजेत. पहिली, ऑनलाइन अध्यापनाचे प्रमाण कितीही ठरो, पदवीच्या पहिल्या दोन सत्रांस त्यातून वगळावे. दुसरी, पुन्हा कधी साथ, पूर किंवा अन्य आपत्तीमुळे महाविद्यालये बंद करावी लागली, तर ती उघडताना प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना अग्रक्रम द्यावा, मग ते लहान गट करून आठवड्यातून दोन दिवस का असेना. अंतिम वर्षाच्या मुलास घरी बसून अभ्यास कसा करावा हे ठाऊक असते. प्रथम वर्षाच्या मुलास तेच शिकावयाचे असते. तिसरी, आयोगाने २०१९ साली दीक्षारंभ ह्या नावाने नवागतांसाठी जो उपक्रम सुचविला, तो हारतुरे आणि भाषणे ह्यांत न आटोपता वर्षभर चालावा. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक पालक-शिक्षक असावा आणि ह्या कामाचे तास अध्यापनाच्या कार्यभारात धरले जावेत. कार्यभारात न धरलेले काम कागदावरच राहते, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

चौथी गोष्ट हिशेबाची. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या माहितीपत्रकात निकालाच्या टक्केवारीशेजारी आणखी एक आकडा छापावा: गेल्या वर्षी प्रथम वर्षात आलेल्यांपैकी किती जण द्वितीय वर्षात पोहोचले, आणि त्यांत मुली किती. हा आकडा काढण्यास खर्च नाही; दोन हजेरीपट शेजारी ठेवले की तो मिळतो. कार्यालयातील एखादा लिपिक ते काम दोन दिवसांत करील. पण तो छापावा लागेल म्हटल्यावर प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सर्वांचे लक्ष पहिल्या वर्षाच्या वर्गाकडे वळेल.

महासाथीने शिक्षणव्यवस्थेत नवा दोष निर्माण केला असे नाही; पहिल्या वर्षाकडे पाहण्याची आपली जी रीत होती, तीच तिने दोन वर्षे ताणून दाखविली. प्रथम वर्ष म्हणजे गुणांच्या दृष्टीने हलके, शिक्षकांच्या वाटपात शेवटचे आणि संकटात सर्वांआधी सोडून देण्याजोगे, ही ती रीत. जी मुले त्या काळात पडद्यासमोर बसून विद्यार्थी झाली, त्यांनी आपल्या परीने मार्ग काढला आणि त्याची किंमत स्वतः मोजली. पुढच्या जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलांकडून ती पुन्हा वसूल केली जाऊ नये, एवढी खबरदारी घेणे विद्यापीठांच्या आणि शासनाच्या हाती आहे.